छप्पर, कागद आणि कल्याणकारी राज्य



वादळ येऊन गेले की पहिल्या दिवशी वृत्तपत्रांत वाऱ्याचा वेग छापून येतो, दुसऱ्या दिवशी मंत्रिमहोदयांच्या पाहणी दौऱ्याची छायाचित्रे येतात आणि तिसऱ्या दिवशी पंचनाम्यांचे आदेश निघाल्याचे वृत्त येते. या ठरलेल्या क्रमात एक प्रश्न मात्र कोठेच विचारला जात नाही. जे घर पडले, ते पडण्यापूर्वी त्याच्या छपरावर चार पैसे खर्च करण्याची व्यवस्था शासनाकडे का नव्हती? आजच्या विवेचनाचा विषय हा आहे. गरिबाच्या मालकीचे जे साधे घर आहे ते वारा, पूर आणि ऊन यांना तोंड देऊ शकेल असे करून देणे, तेही विनामूल्य, हे शासनाचे कर्तव्य मानावयाचे की नाही, आणि मानले तर ती मदत त्या घरापर्यंत पोहोचते कशी व अडते कोठे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील स्थिती आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे जे निकष केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविले, त्यांनुसार सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये देय होते. घर अंशतः पडले, म्हणजे निदान १५ टक्के हानी झाली, तर पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि कच्च्या घरास ४,००० रुपये. ज्याच्या घरावरचे अर्धे पत्रे उडाले त्याने साडेसहा हजारांत काय करावे, हे निकष लिहिणाऱ्यांनी सांगितलेले नाही. परंतु रकमेच्या अपुरेपणाहून अधिक गंभीर बाब ही की, हा सर्व पैसा हानी झाल्यानंतरचा आहे. घर उभे असेपर्यंत शासनाच्या लेखी त्या घराला काहीच झालेले नसते. घर आडवे झाले की ते लाभार्थी होते.

दुसऱ्या बाजूला घरकुलाच्या योजना आहेत. २०१६ पासूनची ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना, आपल्या राज्यातील रमाई आणि शबरी या आवास योजना, यांचा भर नवे पक्के घर बांधण्यावर आहे. ते आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. तथापि नवे घरकुल मिळण्याइतका जो दरिद्री ठरत नाही आणि स्वतःच्या पैशाने छप्पर बदलण्याइतका जो संपन्न नाही, असा एक फार मोठा वर्ग या दोन योजनांच्या फटीत राहतो. त्याच्या भिंती चिऱ्याच्या असतात, परंतु वासे वाळवीने खाल्लेले असतात. जुन्या इंदिरा आवास योजनेत निधीचा काही भाग अस्तित्वात असलेली कच्ची घरे सुधारण्यासाठी राखलेला होता. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व बरोबर होते. ते तत्त्व पुढे मागे पडले आणि त्याबद्दल कोणी फारसा आवाजही उठविला नाही. समाजवादी चळवळीनेही नाही. आपले लक्ष भूमिहीनांकडे, झोपडपट्टीवासीयांकडे, भाडेकरूंकडे राहिले, आणि ते रास्तही होते. पण ज्याच्या नावावर घर आहे तो गरीब कसा, ही शंका आपल्याही मनात कोठेतरी होती.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव, काहीसे आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचे दर भडकले आणि थंड प्रदेशांतील वृद्ध, अल्प उत्पन्नाची माणसे घर तापविण्याचा खर्च भागवू शकेनात. तेव्हा १९७६ मध्ये तेथील संसदेने एक कायदा करून ‘वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम’ सुरू केला. घर हवामानाशी टक्कर देण्याजोगे करणे, असा त्याचा सरळ अर्थ. आरंभीचे काम फार साधे होते: खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणणे, फटी बुजविणे. पुढे त्यास शास्त्रीय रूप आले. तंत्रज्ञ घरी येऊन दारात मोठा पंखा बसवितो, त्याने घरातील हवा बाहेर ओढली की फटी कोठे आहेत ते कळते, आणि मग माळ्यावर उष्णतारोधक थर, भट्टीची दुरुस्ती, अशी कामे केली जातात. ज्या कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत आहे त्यास हे सर्व विनामूल्य. गेल्या सुमारे ५० वर्षांत ७० लाखांहून अधिक घरांची अशी डागडुजी झाली आहे.

या योजनेतील दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, पैसा केंद्राचा असला तरी काम पुष्कळ ठिकाणी १९६४ च्या दारिद्र्यविरोधी मोहिमेतून जन्मलेल्या स्थानिक ‘कम्युनिटी ॲक्शन’ संस्था करतात. कोणत्या गल्लीतील कोणती म्हातारी एकटी राहते हे त्यांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या कुटुंबाला वृद्धत्वाचे वा अपंगत्वाचे विशिष्ट सरकारी साहाय्य, किंवा इंधनखर्चासाठीचे साहाय्य आधीच मिळत आहे, त्याने आपले दारिद्र्य पुन्हा सिद्ध करावयाचे नाही. एका खिडकीवर सिद्ध झालेली गरिबी दुसऱ्या खिडकीवर ग्राह्य धरली जाते. आपल्याकडे अंत्योदयाची शिधापत्रिका हाती असलेल्या विधवेला तलाठ्याच्या दाखल्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागतात, हे आठवले म्हणजे या साध्या नियमाचे मोल कळते.

परंतु या योजनेचे गुणगान करून थांबणे योग्य होणार नाही, कारण तिच्या पोटात एक क्रूर विसंगती आहे. तपासणीस घरी येतो, पाहतो तो छप्पर गळते आहे, विजेच्या तारा उघड्या आहेत, भिंतींवर बुरशी आहे. नियम असा की, अशा घरात उष्णतारोधक थर घालून उपयोग नाही, तो भिजून वाया जाईल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. मग त्या घराच्या कागदावर ‘स्थगित’ असा शेरा पडतो. आधी छप्पर दुरुस्त करून या, मग आम्ही फुकट काम करू. पण छप्पर दुरुस्त करण्याची ऐपत असती तर ते कुटुंब या योजनेच्या दारात आले असते काय? म्हणजे जे घर सर्वांत वाईट तेच नाकारले जाते, आणि मध्यम अवस्थेतील घर पुढे जाते. वर्षअखेरीच्या अहवालात आकडा पूर्ण दिसतो. योजनेच्या प्रशासनाने ही अडचण ओळखून अशा पूर्वदुरुस्तीसाठी वेगळा निधी द्यावयास आरंभ केला तो २०२२ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर तब्बल ४६ वर्षांनी.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘होल-होम रिपेअर्स’ नावाचा कार्यक्रम मंजूर झाला. त्याचे प्रवर्तक निखिल सवाल हे राज्य सिनेटचे सदस्य, भारतीय स्थलांतरितांचे पुत्र आणि स्वतःस लोकशाही समाजवादी म्हणविणारे. त्यांची मांडणी सरळ होती. छप्पर, वीज, नळ, उष्णता यांचे खाते वेगवेगळे असेल, घर मात्र एकच असते. तेव्हा संपूर्ण घर एका अर्जावर दुरुस्त करावे. साडेबारा कोटी डॉलरची तरतूद झाली, एका घरमालकास ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान ठरले, आणि विशेष म्हणजे हा ठराव दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झाला, कारण मोडकी छपरे खेड्यात होती तशी शहरातही होती. अर्ज इतके आले की अनेक जिल्ह्यांत लांबलचक प्रतीक्षायाद्या लागल्या. पुढे मात्र तेवढा निधी पुन्हा मिळाला नाही. लोकप्रिय योजनेला निधी मिळतोच, ही समजूत अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठीक. अर्थसंकल्पाच्या शेवटच्या रात्री तेथे ज्यांचा प्रतिनिधी बसलेला असतो त्यांनाच तो मिळतो.

आता वादळाकडे वळू. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ हे वादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले, हजाराहून अधिक माणसे मेली. घरे पुन्हा उभी करण्यासाठी केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ नावाची प्रचंड योजना आली. तिचे सूत्र असे होते की, वादळापूर्वीची घराची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतील जी रक्कम कमी, तिच्या आधारे अनुदान द्यावे. वरवर पाहता हे सूत्र रंगांध आहे. परंतु त्या शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घराला गोऱ्यांच्या वस्तीतील तशाच घरापेक्षा कमी किंमत येत असे. वीट तीच, लाकूड तेच, सुताराची मजुरीही तीच. दुरुस्तीचा खर्च दोघांना सारखा, पण अनुदान मात्र वस्तीचा रंग पाहून. या अन्यायाविरुद्ध २००८ मध्ये खटला भरला गेला आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड झाली. तोपर्यंत सहा वर्षे लोटली होती आणि पुष्कळ कुटुंबे शहर सोडून गेली होती.

त्याहून अबोल अडचण मालकीच्या कागदाची होती. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांत आजोबांनी बांधलेले घर मृत्युपत्राशिवाय आणि न्यायालयीन नोंदीशिवाय मुलांकडे, मुलांकडून नातवंडांकडे येत राहिले होते. वकिलावर आणि न्यायालयावर विश्वास ठेवण्याचे त्यांना इतिहासाने कारण दिले नव्हते. अशा मालमत्तेला तेथे ‘वारसांची मालमत्ता’ म्हणतात. राहणारी नात, कर भरणारी तीच, पण कागदावर नाव मृत आजोबांचे, आणि हिस्सेदार शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत पांगलेले. वादळानंतर साहाय्य मागावयास गेले की पहिला प्रश्न: स्वच्छ मालकीहक्क दाखवा. हजारो कुटुंबे याच एका पायरीवर अडखळली. केंद्रीय आपत्ती यंत्रणेने अशा वारसांचे स्वयंघोषणापत्र स्वीकारावयाचे ठरविले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, कतरिनानंतर १६ वर्षांनी.

हे ऐकताना कोकणातील कोणाही श्रोत्याला हे परक्या मुलखाचे वर्णन वाटणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि चार दिवसांवर मृग होता. राज्य शासनाने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढीव मदत जाहीर केली, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण कोकणातील घर हे बहुधा सामायिक असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव पणजोबांचे किंवा थोरल्या काकांचे. एक भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्याची मुले आता डोंबिवलीत किंवा विरारला, दुसरा बडोद्याला, बहिणींची नावे कधी लागलीच नाहीत. घरात राहते ती धाकट्या भावाची विधवा. गणपतीला सर्व चाकरमानी येतात तेव्हा घर सर्वांचे असते, छपरावर खर्च करावयाचा असतो तेव्हा ते एकट्या वहिनींचे असते. आणि साहाय्याचा अर्ज करावयाचा असतो तेव्हा ते पुन्हा सर्वांचे होते, कारण सर्वांच्या संमतीपत्राशिवाय कारकून अर्ज घेत नाही.

कातकरी वाड्यांची गोष्ट तर याच्याही पलीकडची. रायगड जिल्ह्यात कितीतरी वाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. घर कातकऱ्याचे, जमीन दुसऱ्याची. तेथे नमुना ८ सुद्धा पुष्कळदा नाही. पक्के छप्पर घालावयाचे म्हटले तर जमिनीचा मालकच हरकत घेतो, कारण पक्के छप्पर म्हणजे पक्का ताबा. अशा ठिकाणी हवामानाला तोंड देणाऱ्या घराची चर्चा जमिनीच्या प्रश्नाला बगल देऊन करता येणार नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम झाले, ते गावठाणापुरते. कातकऱ्याची वाडी बहुधा गावठाणाच्या बाहेर असते.

लुइझियानाकडे पुन्हा एकदा पाहावयास हवे, कारण तेथे पुढे वादळापूर्वीच छप्पर मजबूत करण्याची योजनाही आली. जवळच्या अलाबामा राज्याने ही वाट आधी चोखाळली होती. छपराच्या फळ्यांमधील सांधे पट्टीने बंद करावयाचे, म्हणजे वरची आवरणे उडाली तरी पाणी घरात शिरत नाही; खिळे साधे न वापरता वळ्यांचे वापरावयाचे, म्हणजे ते उपटून येत नाहीत; आणि कडा भक्कम बांधावयाच्या, कारण वारा प्रथम कडेलाच पकडतो. यात कसलीही जादू नाही. २०२० च्या ‘सॅली’ वादळानंतर अलाबामातील सुमारे ४० हजार विमापत्रांचा अभ्यास झाला, तेव्हा अशा घरांच्या हानीच्या दाव्यांचे प्रमाण साध्या घरांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आल्याचे आढळले. लुइझियानाने २०२२ मध्ये कायदा करून २०२३ पासून दर घरी १० हजार डॉलरपर्यंत अनुदान द्यावयास सुरुवात केली. परंतु अर्जांची निवड सोडतीने, नोंदणी संगणकावरून, आणि खर्च १० हजारांहून अधिक झाला तर वरची रक्कम घरमालकाची. परिणाम सांगावयास नको. ज्याच्याकडे वरची रक्कम होती त्याचे छप्पर भक्कम झाले. ‘विनामूल्य’ आणि ‘अनुदानित’ हे दोन शब्द सरकारी भाषेत शेजारी शेजारी राहतात. गरिबाच्या दृष्टीने त्यांच्यात एक दरी असते. आपल्याकडे ‘आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून परतावा घ्या’ ही जी पद्धत रुळू पाहते आहे, तिच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. आगाऊ भांडवल नसणे हीच तर गरिबीची व्याख्या आहे.

शासनाने पैसा दिला आणि काम खाजगी कंत्राटदारांवर सोडले तर काय होते, याचे अगदी ताजे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तेथे २०१३ पासून वीज व गॅस कंपन्यांवर गरीब ग्राहकांची घरे सुधारून देण्याचे बंधन होते. खर्च सर्व ग्राहकांच्या देयकांतून वसूल होई. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की, या व्यवस्थेच्या अलीकडच्या टप्प्यात ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर लावला गेला त्यांपैकी ९८ टक्के घरांतील काम पुन्हा दुरुस्त करावे लागेल. अशी घरे २२ हजारांहून अधिक. सदोष कामामुळे पाणी आत मुरते, बुरशी धरते. काम कंत्राटदाराचे, प्रमाणपत्र खाजगी संस्थेचे, आणि तक्रार ऐकावयास कोणीच नाही. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करावी, या संकोचाने गरीब मनुष्य गप्प बसतो, यावर कंत्राटदाराची सारी भिस्त असते.

वाऱ्याप्रमाणेच उन्हाचाही विचार अवश्य झाला पाहिजे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे पत्र्याच्या व काँक्रिटच्या छपरांवर पांढरा परावर्तक लेप देण्याचे काम हाती घेतले. तेथे ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेतून १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतील स्त्रियांनाच हाताशी धरून असे काम केले. घरात बसून विड्या वळणारी, शिवणकाम करणारी स्त्री दुपारभर पत्र्याखाली असते. तिच्या दृष्टीने छप्पर हे कारखान्याचे छप्पर असते, आणि दोन-चार अंशांचा फरक म्हणजे दुपारच्या मजुरीचा फरक. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जेथे चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील पारा दरवर्षी वृत्तपत्रांचे मथळे घेतो, तेथे चुन्याची एक बादली आणि ब्रश यांचे धोरण असू नये, हे नवल आहे.

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप येईलच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यात प्रतिसाद निधीप्रमाणेच सौम्यीकरण निधीचीही, म्हणजे आपत्तीपूर्वीच हानी टाळण्याच्या कामासाठीच्या निधीचीही, तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीपैकी २० टक्के, म्हणजे देशभर सुमारे ३२ हजार कोटी रुपये, या सौम्यीकरणासाठी वेगळे ठेवले. पण सौम्यीकरण म्हटले की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भिंती, बंधारे, भुयारी विजेच्या तारा येतात. ठेकाही मोठा, उद्‌घाटनही मोठे. पत्र्याला चार जादा आकडे लावणे, आढे भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडणे, कुजलेले वासे बदलणे, जोत्याची उंची वाढविणे, हे काम गावच्या सुताराचे आणि गवंड्याचे. त्यात फीत कापावयाची सोय नाही. हे काम सौम्यीकरण निधीतून, ग्रामपंचायतीमार्फत, आगाऊ रकमेने आणि शिधापत्रिकेच्या आधारावर व्हावे, अशी मागणी पक्षाने राज्य पातळीवर स्पष्टपणे मांडली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसावयाचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील घरांची एक वही करावी. छप्पर कशाचे, वासे कसे, जोत्याला मागच्या पुरात पाणी कोठवर आले, राहते कोण आणि नमुना ८ वर नाव कोणाचे, एवढेच तीत लिहावे. ज्या घरी वारसनोंद राहिली आहे तेथे ती वादळापूर्वीच करून घ्यावी, त्यासाठी गणपतीला आणि होळीला चाकरमानी गावी येतात तो दिवस गाठावा, संमतीच्या सह्या तेव्हाच मिळतात. बहिणींची नावे लावावयाची राहिली असतील तर तीही त्याच बैठकीत लावावीत. त्यावरून घरात कुरबूर होईल, ती होऊ द्यावी. ज्या वाडीला कागदच नाही तिची यादी वेगळी करून तहसीलदारांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. पोच न घेता दिलेला अर्ज हा अर्ज नसतो. कोणतेही सरकारी काम झाल्यावर पहिल्या पावसात ते घर पुन्हा पाहून यावे, आणि सदोष असेल तर घरमालकाच्या संकोचाची वाट न पाहता लेखी तक्रार करावी.

महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, गावोगावी ग्रामसभा होते. तेव्हा पावसाला जेमतेम पाच-सहा आठवडे उरलेले असतात. ही वही त्या सभेपुढे वाचून दाखवावी, घरागणिक, नावानिशी, आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरवून घ्यावी.